घरातील राऊटरची जागा : शेवटच्या तीस फुटांचा प्रश्न

गावोगावी इंटरनेटची जोडणी पोचविण्याचे काम गेल्या दीड दशकात देशभर चालू आहे. २०११ साली केंद्र शासनाने ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंच्या तारेने जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात या योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने राज्य शासनाने हाती घेतले. त्याच काळात शहरांतून आणि मोठ्या गावांतून निरनिराळ्या कंपन्यांनी घराघरापर्यंत तार नेली. सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, शिक्षकांचे प्रशिक्षण, ‘ई-संजीवनी’वरून डॉक्टरांचा सल्ला अशी कितीतरी कामे आता घरबसल्या होऊ शकतात.

तथापि, जोडणी दारापर्यंत आली म्हणजे ती घरात सर्वत्र पोचली असे नव्हे. शेकडो किलोमीटर अंतर काचेच्या तंतूतून निर्वेध पार करून आलेला संदेश घरात शिरल्यानंतर शेवटच्या तीस फुटांत अडखळतो, असा अनुभव अनेक कुटुंबांना येतो. ओसरीवर मोबाईल उत्तम चालतो आणि माजघरात चालत नाही. मुलगी ज्या खोलीत अभ्यासाला बसते, नेमका तेथेच शिक्षकांचा आवाज तुटतो. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी कागद चढता चढत नाहीत. मग कंपनीला दोष दिला जातो, जास्त दराची योजना घेतली जाते, प्रसंगी कंपनीच बदलली जाते. एवढे करूनही अडचण कायम राहते. कारण पुष्कळदा दोष जोडणीत नसतो, तर राऊटर जेथे ठेवला आहे त्या जागेत असतो.

राऊटर म्हणजे तारेतून आलेला संदेश बिनतारी लहरींत रूपांतरित करून घरातील मोबाईल, संगणक आणि दूरदर्शन संचापर्यंत पोचविणारी, आणि त्यांचा संदेश परत तारेत सोडणारी लहानशी पेटी. बाहेरून तार जेथे घरात शिरते, तेथेच ही पेटी खिळ्याला अडकविली जाते. जोडणी करणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने ती सर्वांत सोयीची जागा असते. घरातील माणसांच्या दृष्टीने ती बहुधा सर्वांत गैरसोयीची ठरते. योग्य जागा कशी निवडावी, यामागे थोडे पदार्थविज्ञान आणि बरेचसे व्यवहारज्ञान आहे.

लहरींचा स्वभाव

भिंतीपलीकडे बिनतारी लहरी जाऊ शकतात हे भारतातच फार पूर्वी दाखविले गेले होते. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये केलेल्या जाहीर प्रयोगात काही मिलिमीटर लांबीच्या लहरी मधल्या भिंती ओलांडून गेल्या आणि दूरच्या खोलीतील घंटा वाजली. आज घरातील राऊटर ज्या लहरी सोडतो त्या याच कुळातील आहेत. वाय-फायचे पहिले तांत्रिक मानक १९९७ साली तयार झाले. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भाग २०१८ साली परवान्यातून मुक्त झाला. त्यामुळे घरी राऊटर वापरण्यास वेगळा बिनतारी परवाना लागत नाही.

राऊटरची शक्ती फार थोडी असते. सामान्य घरगुती राऊटर वॅटच्या एक दशांशाच्या आसपास शक्ती हवेत सोडतो. देवघरातील लहानात लहान विजेच्या दिव्याशीही तिची तुलना होणार नाही. मोबाईलची शक्ती त्याहूनही कमी असते. ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. राऊटरचे बोलणे मोबाईलला ऐकू येते, पण मोबाईलचे बोलणे राऊटरपर्यंत पोचत नाही, असे घडू शकते. पडद्यावर संकेताच्या रेघा दिसत असूनही अर्ज किंवा छायाचित्र वर चढत नाही, त्यामागे बरेचदा हे कारण असते.

मोकळ्या जागेत लहरी दिव्याच्या प्रकाशाप्रमाणे पसरतात. अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते, तिप्पट झाले की नवव्या हिश्श्यावर येते. घरात यावर भिंतींची भर पडते. प्रत्येक भिंत लहरींचा काही भाग शोषून घेते, काही भाग परत फेकते आणि उरलेला पलीकडे जाऊ देते. अंतर आणि अडथळा या दोन गोष्टी कमीत कमी ठेवणे, हेच जागेच्या निवडीचे सूत्र होय.

भिंतीभिंतींतील फरक

सर्व भिंती सारख्या नसतात. पातळ फळ्यांचा किंवा प्लायवूडचा आडोसा लहरींना फारसा अडवीत नाही. चार इंची विटांची भिंत बऱ्यापैकी अडविते आणि नऊ इंची भिंत त्याहून अधिक. सिमेंट-काँक्रीटची भिंत किंवा स्लॅब यांत लोखंडी सळयांचे जाळे असल्याने तेथे लहरींची सर्वाधिक हानी होते. बंगल्यात तळमजल्यावर ठेवलेला राऊटर वरच्या मजल्यावर निरुपयोगी ठरतो तो यामुळे.

महाराष्ट्रातील घरबांधणीचे प्रकार पाहिले तर हा फरक अधिक स्पष्ट होतो. कोकणातील जांभ्या दगडाची भिंत जाड असते आणि पावसाळ्यात ओलावा धरते. पाणी या लहरी शोषून घेते. त्यामुळे उन्हाळ्यात कसेबसे चालणारे वाय-फाय आषाढ-श्रावणात अधिकच क्षीण झाल्यास नवल नाही. देशावरील जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या भिंती दोन फूट किंवा त्याहून जाड असतात. तेथे एका खोलीतील राऊटर दुसऱ्या खोलीत पोचविण्याची अपेक्षा भिंतीकडून न धरता दरवाजाकडून धरावी लागते. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांतही हीच स्थिती असते. याउलट शहरातील चाळीत, खोल्यांमधील आडोसे पातळ असले तर, लहरींची वाट सोपी असते, पण शेजाऱ्यांच्या राऊटरांची गर्दी हा वेगळाच प्रश्न उभा राहतो.

धातू हा या लहरींचा सर्वांत मोठा शत्रू होय. लोखंडी कपाट, पत्र्याची कोठी, शीतकपाट, धान्याची टाकी, पत्र्याचे छप्पर यांवरून लहरी परत फिरतात. आरशामागील चकचकीत थरही धातूचाच असतो. गिलाव्याआड बसविलेली लोखंडी जाळी आणि डास अडविणारी बारीक धातूची जाळी यांचीही गणना त्यातच करावी लागेल. जाळीची छिद्रे लहरीच्या लांबीच्या मानाने फार लहान असल्याने लहरीला ती जवळजवळ सलग पत्र्यासारखी वाटते. पाण्याची टाकी किंवा माशांची काचेची पेटी मध्ये आली तरी पलीकडे लहरींची सावली पडते.

दोन पट्टे, दोन स्वभाव

अलीकडचे बहुतेक राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत काम करतात. पहिल्या पट्ट्यातील लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, तर दुसऱ्यातील त्याच्या जवळजवळ निम्मी असते. लांब लहर भिंतींतून तुलनेने चांगली जाते आणि दूरवर पोचते, पण तिचा वेग कमी असतो. शिवाय या पट्ट्यात गर्दी फार असते. ब्लूटूथची साधने याच पट्ट्यात चालतात, आणि मायक्रोवेव्ह भट्टीतील लहरीही याच पट्ट्यातील असतात. भट्टी चालू असेपर्यंत जवळच्या राऊटरचे काम अडखळते ते यामुळे. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा ऐसपैस आहे आणि वेगही भरपूर मिळतो, परंतु एक-दोन भिंतींतच त्याची ताकद संपते.

यावरून व्यवहारात असा नियम सांगता येईल. राऊटर ज्या खोलीत आहे त्या खोलीत आणि लगतच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ वापरावे. दूरच्या खोलीत, ओट्यावर किंवा अंगणात २.४ वर समाधान मानावे. चाळीत किंवा सदनिकांच्या इमारतीत २.४ चा पट्टा वापरणे भागच असेल, तर राऊटरच्या मांडणीत १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा मार्ग निवडावा, कारण हे तीन मार्ग एकमेकांवर चढत नाहीत. शेजाऱ्याशी लागून असलेल्या सामाईक भिंतीवर राऊटर लावणे मात्र टाळावे. तेथे आपल्या लहरींचा निम्मा भाग शेजारी जातो आणि शेजाऱ्याच्या लहरींचा उपद्रव आपल्याला होतो.

मध्य म्हणजे नेमका कोठे?

राऊटर घराच्या मध्यभागी असावा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते योग्यच आहे. परंतु मध्य म्हणजे नकाशाचा मध्य नव्हे, तर वापराचा मध्य, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्या कोठीत कोणी बसत नाही, ज्या गोठ्यात मोबाईलची गरज नाही, ती जागा हिशेबातून वगळावी. मुलांच्या अभ्यासाची जागा, ज्येष्ठांची खोली आणि घरातून काम करणाऱ्याचे टेबल या तीन जागा प्रथम निश्चित कराव्यात. मग त्या तिन्ही जागांना कमीत कमी भिंती पडतील असे ठिकाण शोधावे.

उदाहरणादाखल ग्रामीण भागात सर्रास आढळणारे, एकामागोमाग एक अशा चार खोल्यांचे घर घेऊ. प्रत्येक खोली तीन मीटर लांब आहे. राऊटर पुढच्या भिंतीवर असेल, तर शेवटच्या खोलीचा मध्य त्यापासून साडेदहा मीटर अंतरावर येतो आणि वाटेत तीन भिंती पडतात. तोच राऊटर घराच्या मधल्या भिंतीवर आणला, तर शेवटच्या खोलीपर्यंतचे अंतर साडेचार मीटर राहते आणि फार तर दोन भिंती पडतात. प्रत्येक भिंत एक चतुर्थांश शक्तीच पुढे जाऊ देते असे मानले, तर एक भिंत वाचल्याने चौपट आणि अंतर घटल्याने सुमारे साडेपाच पट, म्हणजे एकूण वीस पटींहून अधिक शक्ती शेवटच्या खोलीत मिळते. प्रत्यक्षात लहरी भिंतींवरून आपटत आणि दारांतून वळत जात असल्याने हा हिशेब इतका काटेकोर राहत नाही. तरीपण लाभाचे प्रमाण यावरून लक्षात यावे. मासिक दरात एका रुपयाचीही वाढ न करता हा लाभ पदरात पडतो.

जाड भिंतींच्या घरात आणखी एक युक्ती उपयोगी पडते. राऊटर दरवाजाच्या समोरासमोर, खोल्यांची दारे एका ओळीत दिसतील अशा जागी लावावा. भिंतीतून न जाणारी लहर उघड्या दारातून जाते. लाकडी दार बंद असले तरी ते दगडी भिंतीपेक्षा पुष्कळ सोपे असते.

उंची आणि अँटेना

राऊटर जमिनीवर ठेवू नये. जमिनीलगतच्या लहरी फरशीत आणि सामानसुमानात वाया जातात. पाच ते सात फूट उंचीवर, म्हणजे माणसांच्या डोक्याच्या आसपास किंवा किंचित वर तो असावा. माणसाच्या शरीरातही पाण्याचा अंश मोठा असल्याने गर्दीने भरलेली खोली लहरींना अडविते. उंचीवरचा राऊटर हा अडथळा ओलांडतो.

बाहेर दिसणाऱ्या दांडीसारख्या अँटेनाविषयी एक गैरसमज आहे. दांडीचे टोक ज्या दिशेस करावे त्या दिशेस लहरी जातात, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. लहरी दांडीच्या आडव्या बाजूंना सर्वाधिक पसरतात आणि टोकाच्या दिशेस सर्वांत कमी. मेदूवड्याच्या मधल्या भोकात दांडी उभी खोचली असे मानले, तर वड्याचा आकार तोच लहरींचा आकार. म्हणून एकमजली घरात दांड्या सरळ उभ्या ठेवाव्यात. वरच्या मजल्यावरही वापर असेल, तर एक दांडी उभी आणि एक आडवी ठेवून पाहावी.

कोणत्या जागा टाळाव्यात

काही जागा दिसावयास सोयीच्या, पण कामास अयोग्य असतात. दूरदर्शन संचाच्या मागे राऊटर लपविला तर संचाचा धातूचा भाग लहरी अडवितो आणि त्याची उष्णताही राऊटरला लागते. लोखंडी कपाटावर किंवा कपाटात तो ठेवणे म्हणजे दिवा पेटवून घमेल्याखाली झाकण्यासारखे आहे. स्वयंपाकघरात तेलकट वाफ, उष्णता आणि शीतकपाट असे तिहेरी संकट असते. देवघराजवळ समईची धग आणि उदबत्तीचा धूर असतो. खिडकीच्या कट्ट्यावर ऊन लागते, पावसाचे शिंतोडे येतात आणि निम्म्या लहरी रस्त्यावर जातात. पत्र्याच्या छपरालगत किंवा पोटमाळ्यावर वैशाखात इतके तापते की राऊटर आपोआप बंद पडू लागतो. काही घरांत धूळ बसू नये म्हणून राऊटरवर विणलेले आच्छादन घातले जाते. हेतू चांगला असला तरी त्यामुळे वारा खेळण्याची छिद्रे बंद होतात. पेटीभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी आणि कोरड्या फडक्याने धूळ पुसावी.

पेटीच्या तळाशी बहुधा तिचे नाव आणि मूळ सांकेतिक शब्द छापलेला असतो. ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती लागेल अशा जागी ती ठेवू नये. मूळ सांकेतिक शब्द पहिल्याच दिवशी बदलावा हे अधिक चांगले.

राऊटरच्या लहरी आरोग्यास घातक असतात का, ही शंका अनेकदा विचारली जाते. या लहरी क्ष-किरणांसारख्या रेणू तोडणाऱ्या नसतात. राऊटरची शक्ती आंतरराष्ट्रीय सुरक्षा-मर्यादांच्या पुष्कळ खाली असते. त्या भीतीपोटी राऊटर घराच्या कोपऱ्यात किंवा बंद पेटीत ठेवण्याचे कारण नाही. त्याने सुरक्षितता वाढत नाही, सोय मात्र जाते.

तार, वीज आणि विजेचा खोळंबा

जागा निवडली तरी बाहेरून आलेली तार तेथवर कशी न्यावी, हा प्रश्न उरतो. प्रकाशतंतूची तार काचेची असते. ती स्वतः ओढू नये, खिळ्याने ठोकू नये आणि हातातील बांगडीपेक्षा लहान वेटोळे करून गुंडाळू नये. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो आणि जोडणी क्षीण होते. तंतूच्या उघड्या टोकात डोकावून पाहणे डोळ्यांस धोक्याचे आहे, कारण त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो असतो. म्हणून जोडणीच्या दिवशीच घरातील जाणत्या व्यक्तीने हजर राहून, पेटी कोठे हवी ते कारागिरास आधी सांगावे आणि तार तेवढी लांब घ्यावयास लावावी. नंतर केलेल्या बदलापेक्षा ही पाच मिनिटे फार स्वस्त पडतात.

तंतूची पेटी आणि राऊटर वेगवेगळे असतील, तर काम आणखी सोपे होते. तंतूची पेटी दाराजवळच राहू द्यावी आणि तेथून तांब्याच्या जाळे-तारेने राऊटर घराच्या मध्यावर न्यावा. ही तार १०० मीटरपर्यंत उत्तम काम देते. कोणत्याही घरास एवढी लांबी पुरेशी आहे. मात्र ती विजेच्या तारांबरोबर एकाच नळीतून नेऊ नये.

वीज गेली की राऊटर बंद पडतो. बहुतेक राऊटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांस थोडीच वीज लागते. त्यासाठी बाजारात मिळणारी लहान बॅटरीची पेटी काही तास पुरते. येथे एक चूक वारंवार होते. राऊटरला बॅटरी लावली जाते आणि दाराजवळची तंतूची पेटी विसरली जाते. राऊटर चालू राहतो, त्याचा दिवाही लागलेला दिसतो, पण इंटरनेट नसते. दोन्ही पेट्यांना बॅटरीचा आधार हवा. वळवाच्या पावसात विजांचा कडकडाट सुरू झाल्यावर मात्र दोन्हींचा विजेशी असलेला संबंध तोडावा.

आधी मोजावे, मग खिळा ठोकावा

जागेची निवड अंदाजाने करण्यापेक्षा मोजून करणे केव्हाही चांगले. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. संकेताची शक्ती दाखविणारी मोफत अॅप मोबाईलवर मिळतात. हे माप ऋण डेसिबलमध्ये असते आणि शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ च्या आसपास चित्रसंवादास पुरेसे, उणे ७५ ला अडखळणे सुरू होते आणि उणे ८५ च्या पलीकडे भरवसा राहत नाही. दर तीन डेसिबलला शक्ती निम्मी होते एवढे लक्षात ठेवले म्हणजे आकड्यांचा अर्थ उमगतो.

पहिली पायरी दोष कोणाचा हे ठरविण्याची. राऊटरपासून दोन मीटरवर उभे राहून वेग मोजावा. शक्य असल्यास संगणक तारेने जोडून मोजावा. तेथेच वेग कमी असेल तर दोष बाहेरच्या जोडणीत आहे आणि कंपनीकडे तक्रार करणे योग्य. तेथे वेग ठीक असून अभ्यासाच्या जागी तो घसरत असेल, तर दोष जागेचा आहे आणि कंपनी बदलून काही साधणार नाही. या एका चाचणीने कितीतरी निष्फळ तक्रारी आणि अनावश्यक खर्च टळू शकतो.

दुसरी पायरी जागा शोधण्याची. घराचा साधा नकाशा कागदावर काढावा. राऊटर तात्पुरता दोन-तीन संभाव्य जागी स्टुलावर किंवा फळीवर ठेवून, प्रत्येक वेळी ठरलेल्या जागांवर मोबाईल धरून आकडे टिपावेत. दारे नेहमी असतात तशीच ठेवावीत. एक फेरी सकाळी आणि एक रात्री घ्यावी, कारण रात्री शेजारपाजारचा वापर वाढतो. ज्या जागी सर्वांत वाईट खोलीचा आकडा सर्वांत चांगला येईल, ती जागा निवडावी. सरासरी चांगली असून एका खोलीत शून्य, यापेक्षा सर्वत्र बेताचे असणे कुटुंबाच्या अधिक उपयोगाचे असते.

माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांना हा एक सुंदर प्रकल्प ठरावा. अंतर आणि शक्ती यांचा संबंध, निरनिराळ्या पदार्थांचा अडथळा, आलेख काढणे आणि निष्कर्ष लिहिणे, असे सारे यात येते. पत्र्याचे ताट, ओले पोते, लाकडी फळी आणि पाण्याने भरलेली कळशी मोबाईल व राऊटर यांच्यामध्ये धरून मुले स्वतः फरक पाहू शकतात. प्रयोगशाळेतील धड्याचा उपयोग त्याच दिवशी घरी होतो, असे प्रसंग फार थोडे असतात.

एका राऊटरने भागत नसेल तर

मोठा वाडा, दुमजली बंगला किंवा मागे-पुढे पसरलेले घर असेल, तर एका राऊटरकडून सर्व अपेक्षा करणे व्यर्थ होय. अशा वेळी तार ओढून दुसऱ्या टोकाला दुसरे वाय-फाय केंद्र बसविणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तार नेणे अशक्य असेल तर संदेश पुढे ढकलणारे सहायक यंत्र मिळते. मात्र ते जेथे लहरी पोचत नाहीत तेथे बसविण्याची चूक करू नये. ज्यास स्वतःला ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? ते मुख्य राऊटर आणि अडचणीची खोली यांच्या साधारण मध्यावर, जेथे संकेत अद्याप चांगला आहे तेथे हवे. एकाच पट्ट्यावर चालणाऱ्या अशा साध्या यंत्राने वेग निम्म्यावर येतो, हेही आधी जाणून घ्यावे.

सार्वजनिक इमारतींची जबाबदारी

येथवर सांगितलेले सर्व नियम ग्रामपंचायत कार्यालय, शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्र यांनाही तंतोतंत लागू पडतात. किंबहुना तेथे ते अधिक महत्त्वाचे आहेत. घरातील गैरसोय एका कुटुंबापुरती असते. कार्यालयातील राऊटर दप्तराच्या लोखंडी कपाटामागे असेल, तर दाखल्यासाठी मजुरी बुडवून आलेल्या माणसाला परत जावे लागते. शाळेत तो मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद खोलीत असेल, तर वर्गापर्यंत जोडणी पोचतच नाही. चोरीची भीती खरी आहे, परंतु त्यावर लोखंडी पेटी हा उपाय नव्हे. राऊटर उंचावर, प्लॅस्टिकच्या हवेशीर जाळीच्या पेटीत, वापराच्या खोलीतच बसविता येतो.

ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या कार्यालयाची, आणि शिक्षकांनी आपल्या शाळेची, वर सांगितल्याप्रमाणे एकदा मोजणी करून घेतली, तर त्यास अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागणार नाही. नवी इमारत बांधताना किंवा जुनीची दुरुस्ती करताना विजेच्या नळ्यांसोबत जाळे-तारेसाठी एक वेगळी नळी प्रत्येक खोलीपर्यंत टाकून ठेवावी. त्यावेळचा खर्च किरकोळ असतो. गिलावा झाल्यानंतर तीच गोष्ट भिंती फोडून करावी लागते.

सार्वजनिक पैशातून आणि लोकांच्या मासिक वर्गणीतून उभारलेली जोडणी उंबरठ्यापर्यंत येऊन थांबू नये, एवढाच या सर्व खटाटोपाचा हेतू. अभ्यासाला बसलेल्या मुलीच्या टेबलापर्यंत आणि वैद्यकीय सल्ल्याची वाट पाहणाऱ्या आजीच्या खाटेपर्यंत ती पोचली, म्हणजेच ती खऱ्या अर्थाने घरात आली. त्यासाठी लागते ते एक मोबाईल, एक कागद, काही मीटर तार आणि खिळा ठोकण्यापूर्वीचा थोडासा विचार.